रिकाम्या दरीचे चित्र

श्रावणात चिखलदऱ्यास जाऊ नये, असे आमचे वडील म्हणत. धुक्यामुळे हातभर पलीकडचे दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि दम्याच्या माणसास रात्र बसून काढावी लागते, ही त्यांची कारणे होती; तिन्ही खरी आहेत. तथापि एका जुन्या स्नेह्याचे निमंत्रण मोडवेना म्हणून गेल्या श्रावणात आम्ही परतवाड्याहून घाट चढून वर गेलो आणि चार दिवस धुक्यात कोंडून राहिलो. बाहेर पाहण्याजोगे काही नसल्यामुळे घरातील वस्तू पाहण्याची पाळी आली. स्नेह्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक लहानसे चित्र टांगलेले आहे. त्या चित्राने आम्हांस जे काही सुचविले, ते ह्या महिन्यात वाचकांपुढे ठेवतो.

चित्र जलरंगांतले आहे. लांबी दीड वीत, रुंदी वीतभर. खाली सही नाही. पाठीमागे शिसपेन्सिलीने ‘स्कॉटलंड’ एवढेच लिहिले आहे. कागदाचा पोत आणि चौकटीची घडण पाहून एका जाणकाराने ते एकोणिसाव्या शतकातील ठरविले. स्नेह्यांच्या आजोबांनी ते कोणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात, चौकटीची काच चांगली आहे म्हणून, घेतले होते. आत आरसा बसविण्याचा त्यांचा विचार होता. तो राहून गेला आणि चित्र वाचले.

चित्रात काय आहे ते सांगतो. वरचा अर्धा भाग आकाश. मधोमध दोन टेकड्या, त्यांतील दूरची निळसर करडी, जवळची तपकिरी आणि कोठे कोठे जांभळट. त्या देशी ‘हेदर’ नावाचे जे झुडूप माळरानावर वाढते त्याच्या फुलांचा तो रंग असावा. टेकड्यांमधून एक ओढा खाली येतो. ओढ्याच्या काठी पांढरे ठिपके आहेत. चष्मा पुसून पाहिल्यावर त्या मेंढ्या असल्याचे कळते. डाव्या हातास दगडी भिंतींची दोन घरे आणि त्यांच्याजवळ तांबड्या फळांचे एकच झाड. चित्रात माणूस नाही.

जलरंगाची रीत आपल्या मुलांस शाळेत शिकवितात, परंतु तिचे मर्म घरच्या वडीलधाऱ्यांस बहुधा ठाऊक नसते, म्हणून दोन शब्द लिहितो. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात ती सोय नाही. येथे शुभ्र रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद. ढग रंगवावयाचा नसतो. ढगाभोवतीचे आकाश रंगवावयाचे आणि ढगाची जागा मोकळी सोडावयाची. आधी फिके, मग गडद. आधी दूरचे, मग जवळचे. आणि ओल असेतो हात चालला पाहिजे. म्हणजे काय रंगवावे ह्यापेक्षा काय सोडून द्यावे हे ज्यास कळले त्यासच ही विद्या साधते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आणखी एक मौज. त्या काळच्या विलायती चित्रकारांच्या पेटीत नीळ असे, आणि ती बव्हंशी हिंदुस्थानातून जाई. दूरच्या डोंगरांचा निळा रंग पुष्कळदा तिच्यापासून येई. तसाच एक तेजस्वी पिवळा रंग ‘इंडियन यलो’ म्हणून प्रसिद्ध होता. आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी तो करीत, असे त्रैलोक्यनाथ मुखर्जी ह्यांनी १८८३ साली लिहून ठेवले आहे. तेव्हा स्कॉटलंडच्या कुरणावरचे सोनेरी ऊन आमच्याकडच्या गोठ्यातून निघालेले असणे अशक्य नाही!

स्नेह्यांच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा ह्या चित्रापुढे उभा राहून एकच वाक्य बोलतो, “किती शांत वाटते, नाही?” आम्हीही पहिल्या दिवशी तेच बोललो. दुसऱ्या दिवशी धुके तसेच होते, म्हणून पुन्हा पाहिले. तेव्हा दिसले की डाव्या हाताच्या त्या दोन घरांस छप्पर नाही. भिंती उभ्या आहेत, दाराची चौकट उभी आहे, वर आकाश आहे. चित्रकाराने तेथे रंग विसरलेला नाही. भिंतीच्या आतल्या बाजूने उगवलेले गवत त्याने मन लावून काढले आहे. मग ही घरे कोणाची, आणि त्यांचे छप्पर कोठे गेले?

ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखाचा, ज्यास हायलंड्स म्हणतात त्याचा, थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १७४६ साली कलोडनच्या लढाईत तेथील बंडखोरांचा निकाल लागला आणि इंग्रज सरकारने त्या डोंगरांची लष्करी मोजणी आरंभिली. १७४७ पासून त्या कामावर पॉल सँडबी नावाचा एक तरुण नकाशे काढीत असे. मोजणीच्या फावल्या वेळात तो डोंगर, ओढे, गावे ह्यांची रेखाटने करी. हाच पुढे इंग्लंडातील जलरंग निसर्गचित्रांचा जनक म्हणून गाजला आणि १७६८ पासून वुलिच येथील लष्करी विद्यालयात चित्रकलेचा मुख्य शिक्षक झाला. मुलुख जिंकला की तो कागदावर उतरवावा लागतो आणि त्यासाठी शिपायाचा डोळा तयार करावा लागतो, हे राज्यकर्त्यांनी ओळखले होते. कंपनी सरकारनेही १८०९ साली ॲडिस्कोम्ब येथे आपले लष्करी विद्यालय काढले आणि हिंदुस्थानात येणाऱ्या उमेदवारांस तेथे रेखाटन शिकविले जाई. आपल्या किल्ल्यांची नि घाटांची जी जुनी चित्रे ग्रंथसंग्रहालयांतून आढळतात, त्यांतील कित्येकांचे मूळ असल्या शिक्षणात आहे.

पुढे ह्या डोंगराळ मुलुखाचे मोल पालटले. पूर्वी जमिनीच्या धन्यास कुळे हवी असत, कारण लढाईस माणसे लागत. लढाया थांबल्यावर हिशोब निराळा झाला. दरीतील शंभर कुळांपासून येणाऱ्या खंडापेक्षा तीच दरी एका मेंढपाळ ठेकेदारास दिली तर अधिक पैसा मिळतो, असे धन्यांस दिसून आले. तेव्हा कुळे हलविण्यास आरंभ झाला. इतिहासात ह्यास ‘हायलंड क्लिअरन्सेस’ म्हणतात. आपल्या भाषेत ‘गावउठवणी’ म्हणावे. १७९२ साली रॉस परगण्यातील लोकांनी चिडून हजारो मेंढ्या हाकून लावल्या, तेव्हा त्यांवर फौज धाडण्यात आली. ते वर्ष तेथे ‘मेंढ्यांचे वर्ष’ म्हणून ओळखले जाते. सदरलंड परगण्यातील स्ट्रॅथनेव्हर दरी १८१४ साली आणि पुन्हा १८१९ साली उठविली गेली. त्या उघड्या मुलुखात घराचे वासे म्हणजे कुळाची मोठी मत्ता, कारण तेथे लाकूड दुर्मिळ. लोकांनी फिरून येऊन राहू नये म्हणून ते वासेच जाळीत. छप्पर गेले, भिंती राहिल्या. १८१४ सालच्या जाळपोळीबद्दल पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर १८१६ साली इन्व्हर्नेस येथे खटला झाला आणि तो निर्दोष सुटला.

विशेष हे की, ज्या १८१४ सालच्या जून महिन्यात स्ट्रॅथनेव्हरचे वासे जळले, त्याच्या पुढच्याच महिन्यात सर वॉल्टर स्कॉट ह्यांची ‘वेव्हर्ली’ कादंबरी प्रसिद्ध झाली आणि हायलंड्सच्या शूर, भोळ्या, रंगीत वस्त्रांच्या लोकांवर साऱ्या युरोपाचे मन बसले. १८३१ साली टर्नरसारखा चित्रकार स्कॉटच्या काव्यासाठी चित्रे काढावयास तेथे हिंडला. १८४२ साली व्हिक्टोरिया राणी प्रथमच स्कॉटलंडात गेली. १८४६ पासून ग्लासगोच्या विल्यम लीच ह्या चित्रकारापाशी तिने जलरंगांचे धडे घेतले आणि १८४८ साली तेथे बाल्मोरलचा वाडा भाड्याने घेतला. मग काय विचारता! प्रत्येक सुशिक्षित घराण्यातील मुलगी रंगपेटी घेऊन स्कॉटलंडच्या दऱ्या रंगवू लागली. दऱ्या सुंदर होत्याच. त्यांत माणसे नव्हती, त्यामुळे त्या अधिकच सुंदर, अधिकच ‘शांत’ दिसत.

ह्या कथेतील एक व्यक्ती आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. ज्या सदरलंडच्या जहागिरीतून हजारो माणसे उठविली गेली, तिची धनीण एलिझाबेथ ही स्वतः चांगली जलरंगचित्रकार होती. ऑर्कनी बेटे आणि स्कॉटलंडचा ईशान्य किनारा ह्यांची तिने काढलेली दृश्ये छापून निघालेली आहेत. ती दुष्ट होती असे आम्ही म्हणत नाही. कुळे समुद्रकाठी नेऊन बसवावी, त्यांनी मासेमारी शिकावी आणि त्यांचे कल्याण व्हावे, अशीच तिची व तिच्या कारभाऱ्यांची समजूत होती. परंतु ज्या हाताने दरीवरचा प्रकाश टिपला त्याच हाताची सही दरी रिकामी करण्यास पुरली, आणि ह्या दोहोंत तिला विसंगती दिसली नाही, हे नवल आहे.

असे पुष्कळ पूर्वी आपल्याकडील एका कवीने पाहिले होते. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात दुष्यंत चित्र काढीत बसला आहे. ज्या शकुंतलेस त्याने भर दरबारात परत पाठविले तिचेच ते चित्र. अजून काय काढावयाचे राहिले ते तो सांगतो: मालिनी नदी, तिच्या वाळूतील हंसांची जोडी, हिमालयाचा पायथा, तेथे बसलेली हरिणे आणि फांद्यांवर वल्कले टांगलेला एक वृक्ष. जो घालवितो तोच मागाहून चित्र रंगवितो. मात्र एक फरक आहे. दुष्यंतास पश्चात्ताप झाला होता, म्हणून त्यास वाळत घातलेली वल्कले आठवली. तेथे माणसे राहत होती ह्याची ती खूण होय.

आमच्या स्नेह्यांकडील चित्रात अशी खूण आहे काय? आहे, ते तांबड्या फळांचे झाड. त्यास तिकडे ‘रोवन’ म्हणतात. चेटूक-बाधा घरात शिरू नये म्हणून हायलंड्सचे लोक ते दारापाशी लावीत. भिंती ढासळून गवतात मिसळल्या तरी रानात एकटा रोवन दिसला की येथे चूल होती असे समजावे. आपल्याकडे पडक्या वाड्याच्या जागी तुळशीवृंदावन तेवढे शिल्लक उरते, तसेच हे. ज्याने ते चित्र काढले त्यास हे ठाऊक होते की केवळ तांबड्या रंगाची शोभा म्हणून त्याने ते झाड घेतले, हे आता कोण सांगणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी धुके घटकाभर विरळ झाले आणि खिडकीतून गाविलगडाचा तट दिसला. त्या तटाचा आणि ह्या चित्राचा संबंध आम्हांस तेव्हा सुचला. १८०३ च्या डिसेंबरात वेल्सलीने ह्या गडास वेढा दिला. सोबत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते, ते स्कॉटलंडचेच. १५ डिसेंबरास गड पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने रघूजी भोसल्यांनी वऱ्हाडावरील हक्क सोडला. ह्या हल्ल्यात ज्या गोऱ्या पलटणी होत्या त्यांतील ७४ वी व ७८ वी हायलंडरांच्या. आणि आतल्या तटास शिड्या लावून प्रथम वर चढलेली कॅप्टन कँबेलची तुकडी ९४ व्या, म्हणजे ‘स्कॉच ब्रिगेड’ नावाच्या पलटणीची. ह्यांपैकी ७८ वी पलटण १७९३ साली रॉस परगण्यात उभारलेली. ‘मेंढ्यांचे वर्ष’ त्याच परगण्यात, त्याच्या आदल्याच साली! आमच्या गडाखाली उभ्या राहिलेल्या त्या शिपायांतील कित्येकांच्या दऱ्या मागे मेंढ्यांखाली जात होत्या. त्यांनी दुसऱ्याचा गड घेतला. त्यांचे घर कोणी घेतले, हे त्यांतल्या किती जणांस परत गेल्यावर कळले असेल?

पुढे १८२३ साली हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन हा ह्या पठारावर आला, आणि येथील हिरवाई व थंडी पाहून त्यास स्वदेशाची आठवण झाली, असे सांगतात. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आल्यावर चिखलदरा हे साहेबांचे उन्हाळी ठाणे बनले. बंगले झाले, कॉफीची लागवड झाली, दऱ्यांच्या काठांस ‘हरिकेन पॉइंट’, ‘प्रॉस्पेक्ट पॉइंट’ अशी नावे मिळाली. त्या लोकांनी सातपुडा पाहिला खरा, पण जणू त्या लहान चित्राच्या काचेतून. येथले त्यांस तेच आवडले जे तिकडच्यासारखे दिसत होते.

ह्याबद्दल साहेबांस हसावे असे प्रथम आमच्या मनात आले. मग वाटले, आपण तरी निराळे काय केले? भीमाने कीचकास मारून ह्या दरीत टाकले, म्हणून ही कीचकदरा, तिचा अपभ्रंश चिखलदरा. जवळचे वैराट हे विराटाचे नगर. भीमाने हात धुतले ते भीमकुंड. ही कथा आम्ही तीस वर्षे शाळेच्या सहलीत मुलांस सांगितली. विराटाचा मत्स्य देश महाभारतातील वर्णनावरून राजपुतान्याकडे पडतो, हे संस्कृत शिकलेल्या आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु कथा रम्य, आणि सांगावयास सोपी. ज्या कोरकू लोकांच्या वस्त्या ह्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, ते दरीस काय म्हणतात हे आम्ही एकदाही विचारले नाही. त्यांची भाषा मुंडा कुळातील. तिची सख्खी भावंडे पार छोटा नागपुराकडे. आमच्या पायथ्याशी एवढी जुनी भाषा बोलली जाते, आणि आम्ही वर चढून कीचकाची गोष्ट सांगून खाली येत होतो.

आता जे लिहावयाचे ते लिहिण्यास लाज वाटते. तथापि ह्या लेखाचे कारण तेच असल्यामुळे टाळता येत नाही.

आमच्या शाळेत चित्रकलेस स्वतंत्र शिक्षक नसे, तेव्हा संस्कृताबरोबर तो तासही आमच्याकडे आला. एका वर्षी इलिमेंटरीच्या परीक्षेस बसणारी मुले घेऊन आम्ही चिखलदऱ्यास गेलो आणि सर्वांस निसर्गचित्र काढावयास सांगितले. आपल्या मुलांचे निसर्गचित्र वाचकांस परिचित आहेच: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, एक झोपडी आणि, वऱ्हाडात जे औषधालाही सापडत नाही, ते नारळाचे झाड! आम्ही नारळ खोडावयास लावले आणि समोर दिसते ते काढा म्हणून बजावले. मुलांत वसतिगृहात राहणारा एक कोरकू मुलगा होता. त्याने समोरची दरी काढलीच नाही. आपले गाव काढले. दोन सरळ ओळींत समोरासमोर घरे, मध्ये रुंद स्वच्छ रस्ता, पलीकडे एक झाड आणि झाडाखाली उभे रोवलेले लाकडी खांब. खांबांवर त्याने सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार काढले होते.

हे खांब म्हणजे कोरकूंचे ‘मुंडे’. मेलेल्या माणसाच्या नावाने लाकूड कोरून ते गावाजवळ झाडाखाली उभे करतात. आपण श्राद्धात ज्यांस पिंड देतो तेच त्या खांबांत उभे असतात असे समजावे. आम्हांस तेव्हा हे माहीत नव्हते, आणि आम्ही विचारलेही नाही. घरांच्या ओळी फार सरळ असल्यामुळे चित्रास खोली येत नाही, असे आम्ही त्यास सांगितले. हे खांब मध्येच उभे राहून दृश्य बिघडवितात, ते पुसून टाक, म्हणजे मोकळी जागा राहून चित्र शांत दिसेल, असेही सांगितले. तो काही बोलला नाही. खोडरबर घेऊन एकेक खांब पुसत गेला. आम्ही जवळ उभे राहून, हा राहिला, तो राहिला, असे दाखवीत गेलो. एवढे करूनही गुण बेताचेच दिले आणि नमुना म्हणून चित्र शाळेत ठेवून घेतले.

मेळघाटात १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे; देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत त्याची गणना होते. चालू शतकाच्या आरंभी जंगलाच्या गाभ्यातील बोरी, कोहा व कुंड ही गावे उठवून खाली मैदानात वसविण्यात आली. पुढे आणखी गावे उठली. त्या मुलाचे गावही त्यांत गेले. स्कॉटलंडची गोष्ट आणि ही गोष्ट सर्वस्वी एक आहे, असे आमचे म्हणणे नाही. तेथे मेंढ्यांच्या लोकरीचा पैसा होता. येथे वाघ आहे, आणि वाघ राहिला तर जंगल राहते, जंगल राहिले तर सिपना, खंडू ह्यांसारख्या नद्या वाहतात. तेथे वासे जाळले; येथे २००६ च्या वनहक्क कायद्याने लोकांची संमती आवश्यक केली आहे आणि २००८ साली एका कुटुंबामागे दहा लक्ष रुपयांची योजना ठरली. शाळा, दवाखाना, रस्ता जवळ असावा म्हणून आपण होऊन खाली आलेली कुटुंबेही आहेत. खाली येऊन निभाव लागेना म्हणून रानाकडे परतलेलीही आहेत. वाघ आणि माणूस ह्यांतील न्याय करण्याची आमची योग्यता नाही. आमची चूक त्याहून लहान, पण पूर्णपणे आमची आहे. गाव उठण्याच्या आधीच आम्ही ते कागदावरून उठविले होते.

भवभूतीने हे फार सूक्ष्मपणे जाणले होते असे आता वाटते. तो आमच्या विदर्भातील पद्मपूरचा. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम, लक्ष्मण व सीता वनवासाची चित्रे पाहत आहेत. चित्रे पाहता पाहता सीतेस ते अरण्य पुन्हा पाहण्याची इच्छा होते. आणि त्याच दिवशी तिला कायमचे अरण्यात सोडण्याचे ठरते. इतके दिवस हा प्रसंग आम्ही केवळ करुणरसाचा नमुना म्हणून शिकविला. आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दुष्यंताचे चित्र घालविणाऱ्याचे होते. येथे जिला घालविणार, तिच्या स्वतःच्या आयुष्याची चित्रे तिच्यापुढे आहेत. ती त्यांतील प्रत्येक जागा ओळखते. घर सुटलेल्या माणसापाशी निदान असे चित्र असावे. ते कोणी सुंदर म्हटले नाही तरी चालेल.

म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरी लहान मुले आहेत अशा माता-पित्यांस, एक लहानशी सूचना करावीशी वाटते. सुट्टीत मुलांस थंड हवेच्या ठिकाणी अवश्य न्यावे, रंगपेटीही द्यावी. परंतु मूल चित्रात माणसे, गुरे, दोरीवरचे कपडे, विजेचा खांब असे काही काढू लागले, तर ‘हे कशाला, चित्र बिघडते’ असे म्हणू नये. आणि भिंतीवरच्या एखाद्या चित्राकडे पाहून ‘किती शांत’ असे तोंडून निघाले, तर येथे कोण राहत होते, एवढे एकदा मनाशी विचारावे. उत्तर नेहमीच दुःखाचे निघेल असे नाही. काही दऱ्या मुळातच रिकाम्या असतात.

चिखलदऱ्याहून उतरल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याचा शोध केला. तो आता अकोटच्या बाजूस पुनर्वसनाच्या गावी राहतो. त्याची मुले शाळेत जातात. बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात भेट झाली. त्याने वाकून नमस्कार केला. आम्ही संकोचाने विचारले, “बाबा रे, तुझ्या गावाचे ते चित्र तुझ्याकडे आहे काय?”

तो म्हणाला, “गुरुजी, ते तं तुम्हीच ठेऊन घेतलं होतं.”

शाळेचे जुने कागद केव्हाच रद्दीत गेले, हे आम्ही त्यास सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग दुकानदाराकडून पेन मागून बियाण्याच्या पावतीच्या पाठीवर रेघा ओढू लागला. प्रथम रस्ता काढला. मग एकेक घर, आणि प्रत्येक घर काढताना ते कोणाचे ते पुटपुटत गेला. दोन्ही ओळी पुऱ्या झाल्या. मग झाड काढले आणि झाडाखाली येऊन त्याचा हात थांबला. मुंडे किती होते ते त्यास नक्की आठवेना; पाच की सहा, असे तो म्हणाला.

सात होते. आम्हांस आठवत होते, कारण आम्हीच एकेक दाखवून ते पुसविले होते. आम्ही आकडा सांगितला, त्याने सात खांब काढले आणि पहिल्यावर सूर्य व चंद्रही काढला. ह्या वेळी कागद आम्ही मागितला नाही. त्याने तो घडी करून खिशात ठेवला, आणि चहाचे पैसे आम्हांस देऊ दिले नाहीत.